जुन्या पिकअप ट्रकचे पुनरुज्जीवन : गंजाची दुरुस्ती आणि भागांची घडण

गोषवारा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तयार झालेल्या पिकअप ट्रकांचे पत्राकाम आज पाऊणशे वर्षांचे झाले आहे. यंत्राचा भाग झिजला तर तो बदलता येतो. केबिनचा पत्रा सडला तर मात्र वाहनाचे मूळ रूपच धोक्यात येते. प्रस्तुत लेखात शेव्हरोलेच्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील अर्ध्या टनी ट्रकाचे उदाहरण घेऊन गंजाची कारणे, त्याचा शोध व निर्मूलन, सडलेल्या भागाच्या जागी नवा भाग घडविण्याची रीत आणि अशा दुरुस्तीची मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

सूचक शब्द : गंज, विद्युत-रासायनिक क्षरण, पत्राकाम, वेल्डिंग, जतन.

प्रास्ताविक

जनरल मोटर्सने १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोले ट्रकांची नवी मालिका बाजारात आणली. ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने ओळखली जाणारी ही मालिका १९५५ च्या प्रारंभापर्यंत चालू होती. तिच्यातील अर्ध्या टनी ३१०० या ट्रकाच्या पुढील व मागील आसांमधील अंतर ११६ इंच, म्हणजे सुमारे २.९५ मीटर होते. गोलसर मडगार्डे, आडव्या पट्ट्यांची जाळी, लाकडी फळ्यांचा हौदा आणि काही नमुन्यांत मागील कोपऱ्यांतही काचा असलेली केबिन, ही त्याची ओळख. अमेरिकेतील शेतकरी, सुतार, दूधवाले यांनी हे ट्रक राबवून घेतले आणि काम संपल्यावर गोठ्यामागे किंवा बांधावर उभे करून ठेवले. पुनरुज्जीवनासाठी आज हाती येणारे ट्रक बहुधा असेच वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेले असतात.

आपल्याकडेही या विषयाला आधार आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता व तो १९५४ मध्ये बंद झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज, फार्गो ही क्रायस्लर समूहाची वाहने जुळविली, तर महिंद्र आणि महिंद्र यांनी विलीज जीप. त्या पिढीतील जी वाहने महाराष्ट्रात उरली आहेत त्यांनी कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसलेला आहे. अमेरिकेच्या बर्फाळ प्रांतांत रस्त्यावर पसरले जाणारे मीठ जे काम करते तेच काम येथे समुद्रावरचा वारा करतो.

गंजाचे शास्त्र

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, एवढे शालेय ज्ञान सर्वांना असते. दुरुस्ती करणाऱ्यास त्यापुढील एक गोष्ट ठाऊक असणे अत्यावश्यक आहे : गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया असून पत्र्याच्या एकाच तुकड्यावर धनाग्र आणि ऋणाग्र शेजारी शेजारी निर्माण होतात. धनाग्रापाशी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात. ऋणाग्रापाशी प्राणवायू व पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारून हायड्रॉक्साइड बनवितात. दोहोंच्या संयोगातून प्रथम हिरवट-पांढरे आणि पुढे तांबूस जलयुक्त ऑक्साइड तयार होते.

धनाग्र नेमके कोठे निर्माण होते, हा खरा प्रश्न आहे. केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून दाखविले, की प्राणवायू भरपूर मिळतो त्या थेंबाच्या कडेला लोखंड सुरक्षित राहते आणि प्राणवायू कमी पोहोचतो त्या मध्यभागी ते खाल्ले जाते. ट्रकाच्या केबिनमध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर चालू असतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून बिंदू-वेल्डिंगने जोडलेली शिवण, रबरी पट्टीखालची फट, ओल्या मातीने भरलेला कोपरा, या सर्व ठिकाणी पाणी शिरते पण हवा खेळत नाही. म्हणून उघडा, वाऱ्यावरचा पत्रा वरवर तांबडा दिसूनही टिकतो आणि झाकलेला पत्रा रंगाखाली चाळणी होतो.

व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे आढळून आले, की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. क्षारांचे कण असतील तर ते कोरड्या हवेतूनही ओल खेचतात. वातावरणीय क्षरणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मध्यम हवेतील साध्या पोलादाचा पहिल्या वर्षातील क्षय २५ ते ५० मायक्रोमीटर, तर क्षारयुक्त तीव्र हवेत ८० ते २०० मायक्रोमीटर धरला जातो. केबिनचा पत्रा अवघा सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेता या आकड्यांचे गांभीर्य पटावे. पुढे वेग मंदावतो हे खरे. तथापि सरासरी क्षय पत्र्याला भोक पाडीत नाही, ते काम एकाच जागी खोल जाणारे खड्डे करतात.

आणखी एक गुणधर्म विसरता कामा नये. गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे रिवेटने जोडलेल्या दोन जाड पट्ट्यांमध्ये गंज साचला तर तो पाचरीसारखा त्यांना विलग करतो. चॅसीच्या आडव्या पट्ट्या जेथे मुख्य तुळयांना मिळतात तेथे अशी फुगलेली शिवण दिसली, तर वरून रंग कितीही चांगला असो, आत बळ उरलेले नाही असे समजावे.

तपासणी

या ट्रकाची दुखणी ठरावीक जागी आढळतात. केबिनचे मागील खालचे कोपरे, दाराखालचा उंबरठा, पायाखालचा तळपत्रा, काऊलच्या दोन्ही बाजू, केबिन जेथे चॅसीवर टेकते ते टेकू आणि दाराची खालची दुमड. खिडकीच्या रबरातून झिरपलेले पाणी व हवेच्या झडपेतून आलेला पालापाचोळा शेवटी याच जागी जाऊन बसतो. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे मातीने बुजली की काम अधिकच सोपे होते.

तपासणीची साधने साधी आहेत : टोकदार सामता, लहान हातोडी, लोहचुंबक आणि चांगला उजेड. हातोडीच्या टिचकीला खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. आवाज बद्द आला तर आत लांबी भरलेली आहे किंवा पत्रा सडलेला आहे. चुंबक कापडात गुंडाळून फिरविला असता जेथे पकड सैल होते तेथे जुन्या दुरुस्तीची जाड लांबी असते. जुन्या काळी खळगे भरण्यासाठी शिसे व कथील यांचा मिश्रधातू वितळवून लावीत, आणि तोही चुंबकाला प्रतिसाद देत नाही. अशा जागी ज्योत लावण्यापूर्वी किंवा कोरडे घासकाम करण्यापूर्वी शिशाच्या धुराचा व भुकटीचा विचार झालाच पाहिजे. त्या काळच्या रंगांतही शिसे असण्याची शक्यता असते.

बाहेरून रुपयाएवढे भोक दिसत असेल तर आतील बाजूस तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो, हा कारागिरांचा ठोकताळा शास्त्राला धरूनच आहे. क्षरण आतल्या बंद बाजूने सुरू होते. म्हणून अंदाजपत्रक बाहेरील भोकांवरून करू नये.

गंज काढण्याचे मार्ग

वाळूच्या झोताने गंज झपाट्याने निघतो. परंतु सपाट, पातळ पत्र्यावर जोरदार झोत मारल्यास कणांच्या माऱ्याने त्याची एक बाजू ताणली जाते व पत्रा कायमचा फुगतो. चॅसी, आस, चाके यांसाठी झोत उत्तम. दार व छतासाठी कमी दाब आणि मऊ कण, अथवा रासायनिक मार्ग बरा. नैसर्गिक वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, हे वेगळे सांगावयास नको. तरीही आपल्याकडे तोंडाला केवळ रुमाल बांधून हे काम केले जाते, ही खेदाची बाब आहे.

बिजागऱ्या, कड्या, आधारपट्ट्या अशा लहान भागांसाठी विद्युत-अपघटन हा सर्वांत सौम्य उपाय होय. प्लॅस्टिकच्या पिंपात दर दहा लिटर पाण्यास ५० ते १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालावा. गंजलेला भाग बारा व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडावी. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येऊन गंज सैल होतो आणि निरोगी धातू झिजत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरणे टाळावे, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. सोड्याऐवजी मीठ घालणे तर सर्वथा अयोग्य. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने ही रचना मोकळ्या हवेत करावी. कडक पोलादाच्या कमानी व उच्च बळाचे बोल्ट या पिंपात घालू नयेत. शोषलेल्या हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात. रसायनशास्त्र विभागाच्या प्रात्यक्षिकासाठी याहून स्वस्त विषय सापडणे कठीण आहे.

साखर कारखान्यांच्या मुलखात एक भाग मळी व नऊ भाग पाणी यांचे द्रावणही उपयोगी पडते. त्यातील सेंद्रिय घटक लोहाच्या आयनांना बांधून घेतात. वेळ मात्र आठवडा-दोन आठवडे लागतो आणि वास सोसावा लागतो. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोहफॉस्फेटमध्ये रूपांतर करते. टॅनिनयुक्त द्रावणे काळसर निळे लोहटॅनेट बनवितात. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करणाऱ्या आपल्या जुन्या लेखनिकांना हीच क्रिया परिचित होती. ही रूपांतरके पातळ गंजाच्या थरासाठी आहेत. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ती लावून वर रंग चढविणे म्हणजे आजार झाकणे होय. फॉस्फोरिक आम्लाचा अंश पूर्णपणे न धुता त्यावर इपॉक्सी प्राइमर लावल्यास तो नीट धरत नाही, ही चूक फार ठिकाणी आढळते.

कापण्यापूर्वीची तयारी

उंबरठा आणि तळपत्रा ही केबिनची हाडे आहेत. ती एकदम कापल्यास छप्पर व दाराची चौकट आपल्या भाराने सरकते, आणि नवे भाग बसवून झाल्यावर दार लागत नाही. म्हणून चौकटीत आडवे व तिरपे लोखंडी नळ तात्पुरते वेल्ड करून घ्यावेत. दार बिजागऱ्यांवर टांगून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू तोपर्यंत नमुन्याचे काम करते.

येथे एक धोका विशेषत्वाने सांगणे भाग आहे. या मालिकेत १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, आसनामागे बसविलेली असे. सर्वाधिक सडणारे मागील कोपरे तिच्या लगतच आहेत. टाकी रिकामी आहे म्हणून ती जागेवर ठेवून कोपऱ्याला वेल्डिंग करणे प्राणघातक ठरू शकते, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक स्फोटक असते. टाकी, नळ्या, आसनाची गादी व वायरिंग बाहेर काढल्यावाचून ठिणगी पाडू नये.

सडलेला भाग कापताना चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे सरावे. पातळ झालेल्या कडेवर वेल्डिंगचा रस टिकत नाही, ती जळून भोक वाढतच जाते. कोपरे काटकोनी न कापता गोलाई ठेवावी, म्हणजे ताण एका बिंदूत साठत नाही. मूळ बिंदू-वेल्ड खास ड्रिलने केवळ वरच्या पत्र्यापुरते काढावेत.

भागांची घडण

अमेरिकेत या ट्रकाचे कोपरे, उंबरठे, तळपत्रे तयार मिळतात. मग घडवावे कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. तयार भागांची गोलाई मूळ केबिनशी पुष्कळदा जुळत नाही, त्यांसाठी आवश्यकतेपेक्षा अधिक मूळ पत्रा कापावा लागतो आणि आयातीचा खर्च वेगळाच. प्रस्तुत लेखकाच्या मते पूर्ण कोपरा गेला असेल तर तयार भाग घ्यावा. वीतभर तुकडा हवा असेल तर तो घडवावा.

द्रव्य म्हणून १८ गेजचा शीत-लाटणाचा सौम्य पोलादी पत्रा योग्य होय. अमेरिकी १८ गेज १.२१ मि.मी. आणि ब्रिटिश १८ गेज १.२२ मि.मी. असल्याने आपल्या बाजारातील पत्रा येथे चालून जातो. १६ गेजला मात्र दोहोंत दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून गेजचा आकडा न सांगता जाडी सांगावी. जस्तलेपित पत्रा वेल्ड करताना जस्ताच्या धुराने ताप भरतो, शिवाय जोडही सच्छिद्र होतो, तो टाळावा.

प्रथम जाड कागदाचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा. दुमडीचा हिशेब करताना बाहेरील मापांची निव्वळ बेरीज करू नये. समजा, केबिनच्या टेकूसाठी ८० मि.मी. रुंद तळ व दोन्ही बाजूंस २० मि.मी. उंचीच्या कडा असलेली पन्हळी हवी आहे. पत्रा १.२ मि.मी. व दुमडीची आतील त्रिज्या तेवढीच आहे. दुमडताना पत्र्याचा जो थर ना ताणला जातो ना दाबला जातो, तो आतील पृष्ठापासून जाडीच्या सुमारे ०.४ पट अंतरावर असतो. त्या थराची त्रिज्या १.६८ मि.मी. झाली, काटकोनी दुमडीसाठी तिला १.५७ ने गुणता २.६४ मि.मी. पत्रा लागतो. सपाट भाग १७.६, ७५.२ व १७.६, आणि दोन दुमडी ५.२८, मिळून सुमारे ११५.७ मि.मी. बाहेरील मापांची बेरीज १२० येते. चार मिलिमीटरचा हा फरक टेकूची छिद्रे चॅसीच्या छिद्रांवर बसू देत नाही.

तळपत्र्यातील उठावदार पन्हळ्या शोभेसाठी नसतात. पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. पन्हळीमुळे धातू मध्यप्रतलापासून दूर नेला जातो व जाडी न वाढविता तो विरोध अनेक पटींनी वाढतो. पन्हळ्या न काढता सपाट पत्रा ठोकल्यास तो चालत्या गाडीत डब्यासारखा वाजतो. त्या काढण्यासाठी रोलर यंत्र नसेल तर कठीण लाकडाच्या दोन ठोकळ्यांत खाच कोरून हातोडीनेही काम भागते.

दोन दिशांनी गोलाई असलेल्या कोपऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे पत्रा केवळ वाकवून चालत नाही. मधला भाग ताणावा आणि कडा आकसाव्या लागतात. कातडी वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने मधला भाग खोलगट करावा, कडेला चुण्या पाडून त्या आतल्या आत ठोकून जिरवाव्यात आणि शेवटी पोलादी ठोकळ्यावर गुळगुळीत हातोडीने दाट, हलके ठोके देत पृष्ठ एकसारखे करावे. पुण्याच्या तांबट आळीत हंड्या-घंगाळांवर जे मठारकाम चालते त्याचेच हे भावंड आहे. भेद इतकाच, की तांबे ठोकून कडक झाले की पुन्हा भट्टीत तापवून मऊ करतात. सौम्य पोलादाचा पातळ पत्रा बहुधा न तापविता एवढी घडण सोसतो. तो कडक होत असल्याचे हाताला जाणवल्यास तेवढाच भाग लाल करून सावकाश निवू द्यावा. मोटारीच्या पत्राकामास लागणारे हस्तकौशल्य आपल्या पेठांतून होते व आहे, पण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांनी त्याची दखल घेतल्याचे क्वचितच दिसते.

जोडकाम

दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडणे सोपे असते. तथापि त्या चढत्या जोडात पुन्हा तीच फट, तोच कोंडलेला ओलावा. दर्शनी व पाण्याच्या संपर्कातील भागांवर कडेला कड भिडवूनच जोड द्यावा.

उष्णतेचे गणित येथे निर्णायक ठरते. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशास सुमारे दशलक्षांश बारा आहे. ३०० मि.मी. लांबीची पट्टी ५०० अंशांनी तापली तर ती १.८ मि.मी. लांबू पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला लांबू देत नाही. पूर्ण अटकाव असेल तर अवघ्या ८० ते ९० अंशांच्या वाढीतच सौम्य पोलाद आपली लवचीक मर्यादा ओलांडते. तापलेला धातू जागच्या जागी जाड होतो आणि निवताना मूळ लांबीपेक्षा आखूड होतो. जोडाच्या रेषेवर पत्रा आत ओढला जातो तो या कारणाने. म्हणून सलग शिवण घालू नये. ०.६ मि.मी. तारेच्या मिग वेल्डिंगने दर २५ ते ३० मि.मी. अंतरावर एकेक ठिपका द्यावा, हाताला सोसेल इतका निवू द्यावा आणि पुढचा ठिपका दूरच्या टोकाला द्यावा. अशा रीतीने मधली अंतरे भरत जावीत. आकसलेली रेषा मागे पोलादी ठोकळा धरून वरून हातोडीने ठोकल्यास पुन्हा ताणली जाते. मिगचा जोड कडक असल्याने त्याला हातोडी कमी मानवते. टिग अथवा ऑक्सि-ॲसिटिलीनचा जोड मऊ असतो, पण उष्णता अधिक पसरते. कारागिराचा हात ज्यावर बसला आहे तेच वापरणे शहाणपणाचे.

चॅसीचे जोडकाम याहून जबाबदारीचे आहे. रिवेट सैल झाले असतील तर ते काढून दोन्ही पृष्ठे स्वच्छ करावीत आणि नवे रिवेट किंवा नेमक्या मापाचे उच्च बळाचे बोल्ट बसवावेत. मुख्य तुळईला खड्डे पडून जाडी स्पष्ट घटली असल्यास केवळ वरून पट्टी मारू नये. सुकाणूची पेटी व कमानींचे कान याच तुळईला धरून असतात. ती रस्त्यात तुटल्यास चालकासह इतरांचाही जीव जातो.

रंगाखालचे रक्षण

मूळ कारखान्यात या केबिनच्या पोकळ्यांना आतून फारसे संरक्षण मिळालेले नव्हते. संपूर्ण केबिन बुडवून विजेच्या साहाय्याने प्राइमर चढविण्याची पद्धत मोटार उद्योगात १९६० नंतर रूढ झाली. आज उघड्या धातूवर इपॉक्सी प्राइमर, शिवणींत सीलंट, त्यावर रंग आणि सर्व झाल्यावर बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा असा क्रम ठेवावा. लांबी भरावयाची ती निरोगी धातूवर व दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच. सीलंट लावताना तळाची निचऱ्याची छिद्रे बुजणार नाहीत याची खात्री करावी. दोन घटकांच्या रंगांतील आयसोसायनेट दम्यास कारण ठरते. त्यासाठी शुद्ध हवेचा पुरवठा असलेला मुखवटा लागतो.

दुरुस्ती की नवनिर्मिती

किती भाग बदलला म्हणजे ट्रक जुना उरत नाही? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेनुसार, प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली व व्यापारी उपयोगात नसलेली दुचाकी-चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात आणि त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे. चॅसी, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. सडलेल्या उंबरठ्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच जाडीचा उंबरठा घडविणे ही दुरुस्ती होय; चॅसी आखूड करणे किंवा तिच्यावर आधुनिक निलंबन बसविणे हा फेरबदल होय. या दोहोंतील अंतर मालकाला कागदोपत्री दाखविता आले पाहिजे.

वास्तुजतनाच्या क्षेत्रातील १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले आहे, की गेलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकूण रूपात मिसळावा, परंतु तो मुळापासून ओळखूही यावा, जेणेकरून पुराव्याची फसवणूक होणार नाही. वाहनांना हा दंडक लावणे अवघड नाही. नव्या तुकड्याच्या आतील बाजूस, जेथे रंगाच्या शोभेला बाध येत नाही, तेथे वर्षाचा आकडा ठशाने उमटवावा. बाहेरून जोड दिसू नये आणि आतून तो लपवू नये. या वाहनांचा बाजारभाव पाहता असा ठसा काही विक्रेत्यांस गैरसोयीचा वाटेल. खरेदीदारास मात्र तोच आधार देईल.

प्रत्येक भागासाठी दुरुस्तीपूर्व, कापल्यानंतरचे व जोडल्यानंतरचे अशी तीन छायाचित्रे, नव्या पत्र्याची जाडी, वेल्डिंगचा प्रकार आणि तारीख एवढी नोंद पुरेशी असते. कापून काढलेले मूळ तुकडे लगेच भंगारात देऊ नयेत. एखाद्या तुकड्याच्या आतील बाजूस कारखान्यातील मूळ रंग किंवा खडूची खूण शिल्लक असते, कडेला मूळ जाडी मोजता येते आणि दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्याची घडण करताना तोच तुकडा नमुना म्हणून पुन्हा हाती घ्यावा लागतो. त्यांना तेलाचा हात देऊन, केबिनमधील जागेचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून, कोरड्या पेटीत ठेवावे.